ड्युटी भरली

कुरिअरच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला किस्से सांगायला लावू नये. पार्सल येतं आणि जातं, किस्सा मात्र इथंच राहतो. आमच्या गंगापूर रोडच्या गाळ्यात पार्सलांना रॅक तरी आहे, किश्शांना तोही नाही. म्हणून म्हटलं, थोडे तुमच्या घरी पाठवावेत. डिलिव्हरी फुकट आहे.

आधी माणसं सांगते. मालक देवरे साहेब, मूळचे सटाण्याकडचे. एरवी साधं बोलतात, डोकं फिरलं की अहिराणीत जातात. डिलिव्हरीला गांगुर्डे. त्याला अख्खं नाशिक पाठ आहे, पण कुठं काय बोलावं हे अजून पाठ झालेलं नाही. काउंटरवर मी. मला सगळे ताई म्हणतात, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. आता सवय झाली.

हल्ली लोक बसल्या जागी चीन, जपान, जर्मनीहून वस्तू मागवतात. मोबाइलवर किंमत बघतात आणि खूश होतात. मग वस्तू मुंबईत उतरते आणि कस्टममध्ये तिच्यावर सरकारी ड्युटी लागते. आमची कंपनी ती भरून टाकते, पार्सल आमच्याकडे येतं, आणि ड्युटीचे पैसे गिऱ्हाइकाकडून वसूल करायचं काम माझ्या गळ्यात. मुदतीत भरले नाहीत की पार्सल आल्या वाटेनं परत. कधी कधी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. मग माणूस मसाल्याचा राग माझ्यावर काढतो.

* * *

सायखेड्याचे संपत भाऊ द्राक्षवाले. त्यांच्या बागेत साळुंक्यांनी उच्छाद मांडला होता. भाऊंनी मोबाइलवर शोधून परदेशातून एक ससाणा मागवला. कापडाचा. उंच काठीला बांधायचा, वारा आला की उडतो, पाखरं म्हणे त्या बाजूला फिरकत नाहीत.

मी फोन केला, "भाऊ, तुमचं पार्सल कस्टमला अडकलंय."

"कुठंशी?"

"कस्टमला."

"ते ओझरच्या पुढं का अलीकडं? मी पिकअप घेऊन निघतो ना, तुम्ही कशाला तरास घेता."

कस्टम हे गाव नाही हे समजावायला मला बराच वेळ लागला. शेवटी त्यांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी परत फोन.

"ताई, ते कस्टमवाले द्राक्षं खात्यात का?"

"का हो?"

"नाय, दोन पेट्या पाठवल्या असत्या. पाखरांनी खाण्यापरीस माणसांनी खाल्लेली बरी."

अडकण्याचं कारण वेगळंच होतं. पार्सलवर लिहिलं होतं, 'फ्लाइंग हॉक, ब्लॅक, एक नग.' आमच्याच मुंबई ऑफिसातल्या नव्या मुलीचा मेल आला: पक्षी जिवंत आहे का? असल्यास परवाना जोडा. मेला असल्यास तसं कळवा.

देवरे साहेबांनी मेल दोनदा वाचला आणि म्हणाले, "हाई काय शे?"

आम्ही संपत भाऊंकडून फोटो मागवला. त्यांनी विकणाऱ्याच्या जाहिरातीतला पाठवला. निळ्या आभाळात पंजे पसरलेला ससाणा, बघूनच छातीत धस्स व्हावं असा. मुंबईहून उत्तर आलं: पक्षी जिवंत दिसतो. शेवटी मी पत्र लिहिलं, 'सदर ससाणा कापडी असून तो काहीही खात नाही.' मग सुटला.

आठवड्यानं मी मुद्दाम फोन करून विचारलं, ससाणा कसा आहे.

"लय भारी हाय, ताई. साळुंक्या त्याच्यावर येऊन बसत्यात. आधी त्यांना बसायला जागा नव्हती."

* * *

आता पगार काका. पगार हे आडनाव आहे. सातपूरच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं आणि रिटायर झाले. देवरे साहेब चिडवतात, नोकरी गेली तरी पगार चालूच.

काकांचं म्हणणं, घरी बसलं की माणूस गंजतो. म्हणून अजूनही पहिल्या शिफ्टच्या वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडतात. सोमेश्वरपर्यंत चक्कर, मग वाचनालयात पेपर, मग आमच्याकडे पंख्याखालची खुर्ची. घरी त्यांनी सांगून ठेवलंय, कुरिअरवाल्यांनी मला सल्लागार म्हणून ठेवलंय, मी गेलो नाही की त्यांचं काम अडतं.

काम काही अडत नाही. जेवण अडतं. साडेबाराला काकांचा तो मोठा स्टीलचा डबा उघडला की आम्ही तिघं आपापले डबे बाजूला सारून त्यात हात घालतो. कळण्याची भाकरी, भरलं वांगं, ठेचा, कधी डुबुक वड्या. पगार काकूंच्या हाताला अशी चव आहे की गांगुर्डे सिन्नर फाट्यावर असला तरी साडेबाराला इथं हजर. काकू पहाटे साडेचारला उठून तो डबा भरतात. नोकरी होती तेव्हा भरायच्या तसाच. आता तर चार माणसांना पुरेल इतका, कारण काका सांगतात, "ऑफिसातले लोक मागतात."

काकांना वाटतं आम्ही त्यांच्या सल्ल्यावर चालतो. आम्ही चालतो त्यांच्या डब्यावर.

* * *

सल्ल्याचा नमुना सांगते. आमच्या रोडवर एक दातांचे डॉक्टर आहेत. पहाटे घट्ट कपडे घालून सायकल हाणतात. त्यांना परदेशातून सायकलची सीट मागवायची होती आणि ड्युटी द्यायची नव्हती. पगार काका पंख्याखालून म्हणाले, "डॉक्टर, त्याला सांगा वर गिफ्ट म्हणून लिही. गिफ्टला काही लागत नाही."

मी म्हटलं, "काका, गिफ्टलापण लागते."

"तुम्ही थांबा ताई, मी बोलतोय ना."

डॉक्टरांनी विकणाऱ्याला मेल केला, गिफ्ट म्हणून पाठवा आणि जरा खरं वाटू द्या. तो माणूस मन लावून काम करणारा निघाला. गुलाबी कागद, वर रिबन, आणि एक कार्ड. कार्डावर इंग्रजीत, 'माझ्या लाडक्या सुहासला, तुझीच लिली.'

ड्युटी लागायची ती लागलीच. त्या दिवशी दवाखाना बंद होता, म्हणून गांगुर्डे पार्सल घेऊन डॉक्टरांच्या घरी गेला. दार मॅडमनी उघडलं. गांगुर्डेनं पार्सलवरचं कार्ड वाचलेलं होतंच.

म्हणाला, "मॅडम, लिली मॅडमनी पाठवलंय. ड्युटी तुम्हाला भरायचीय."

लिली नावाची कुणी बाई नाही, पाठवणारं दुकान आहे, हे पटवायला डॉक्टरांनी शेवटी सीटचं बिल मॅडमसमोर ठेवलं. लिलीपायी घरात दोन दिवस अबोला होता. बिलापायी महिनाभर चालला.

"ताई," डॉक्टर मला नंतर म्हणाले, "मी लिलीवरच थांबायला हवं होतं."

* * *

सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये हसत हसत ड्युटी भरणारं एकच माणूस मी पाहिलं. कॉलेज रोडच्या सुमन आजी. त्यांची सून जर्मनीला. तिनं तिकडं एक उबदार जाकीट ऑनलाइन घेतलं आणि सासूबाईंना पाठवून दिलं. फॉर्मवर लिहिलं, 'नो कमर्शियल व्हॅल्यू.' म्हणजे हे विकायला नाही, घरच्या माणसाला आहे. सगळे लिहितात.

आजींनी गांगुर्डेला विचारलं, "बाळा, हे वर काय लिहिलंय रे इंग्रजीत?"

गांगुर्डेनं वाचलं आणि शब्दाला शब्द मराठी करून सांगितलं, "ह्या वस्तूला काही किंमत नाही."

"असं कुणी लिहिलं?"

"सूनबाईंचीच सही आहे आजी."

झालं. आजींनी जाकीट हातात घेतलं नाही. जर्मनीला फोन गेला, तिकडून रडण्याचा आवाज आला, मुलाचा मला फोन आला. मी गांगुर्डेची पूजा बांधली ती वेगळीच. तेवढ्यात त्याला आठवलं की ड्युटी घ्यायची राहिली. तो घाबरत घाबरत परत गेला. म्हणाला, आजी, सरकारनं ह्याच्यावर ड्युटी लावलीय.

"किती?"

त्यानं आकडा सांगितला. आजींचा चेहरा उजळला.

"बघ म्हणजे. सून म्हणते किंमत नाही, सरकार म्हणतं आहे. मी सरकारच्या बाजूनं."

आणि पैसे मोजून दिले. जाकीट आता मे महिन्यातसुद्धा घालून बसतात.

* * *

पण ह्या ड्युटी शब्दानं आमचा जितका छळ केला तितका कस्टमनंही केला नाही. अंबडच्या एका कारखान्यातला मुलगा, गंगापूर धरणावर मासे धरायचा नाद. त्यानं परदेशातून गळाची चरखी मागवली. मी फोन केला, "तुमची ड्युटी भरायची राहिलीय. ती भरा, मग पार्सल मिळेल."

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्याकडे दिसतं ना इथं."

"बरं. भरतो."

आता एमआयडीसीत ड्युटी भरली म्हणजे पाळी केली, हजेरी लागली. मला कुठं सुचतं तेव्हा? दुसऱ्या दिवशी दुपारी हा काउंटरवर हजर. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"मॅडम, गेल्या आठवड्यात एक दांडी झाली होती, कबूल. काल सेकंड करून लगेच नाइट पण भरली. आता तरी सोडा पार्सल."

पगार काका खुर्चीतून उठून त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले. "शाब्बास," म्हणाले, "मी आयुष्यात एक ड्युटी चुकवली नाही."

मी डोक्याला हात लावला.

त्याच सुमारास गांगुर्डे ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्याकडेही पुन्हा पैसे मागायला लागला. मग देवरे साहेबांनी रविवार कारंजावरून एक शिक्का बनवून आणला. मोठ्या अक्षरात, चौकटीत: 'ड्युटी भरली'. पैसे आले की पार्सलवर मारायचा, म्हणजे वाद नको. पार्सलं प्लॅस्टिकची, साधी शाई पुसून जायची, म्हणून साहेबांनी कुठून तरी कारखान्यातली शाई पैदा केली. ती लोखंडावरसुद्धा बसते असं दुकानदारानं सांगितलं होतं.

दुकानदार खरं बोलला. पहिल्याच दिवशी शिक्का घरंगळून साहेबांच्या नव्या पांढऱ्या शर्टावर पडला. वहिनींनी लिंबू लावलं, मीठ लावलं, रॉकेल लावलं. आता तो शर्ट घरात फरशी पुसायला आहे, आणि फरशी पुसतानाही वाचता येतो.

* * *

आता शेवटचा सांगते.

एका सकाळी मी यादीवर नाव पाहिलं, सौ. शकुंतला पगार. वस्तू, कात्री. मी नंबर लावला. पगार काकू. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खात होते, आवाज मात्र पहिल्यांदाच ऐकला.

"आली का?" त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगू नका हं. ते नको म्हणतील."

काकू जन्माच्या डावऱ्या. कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवतात, लग्न झाल्यापासून. कात्री कायम उजव्या हाताची, म्हणून पाती उलटी आणि अंगठ्यावर सगळा जोर. आता अंगठा सुजून मुठीत वळत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, कात्री सोडा. भाचीनं सांगितलं, आत्या, डाव्या हाताची कात्री मिळते, पण बाहेरून मागवावी लागते.

"तेवढं एकच काम माझं आहे हो ताई," काकू म्हणाल्या. "बाकी सगळं घरच्यांचं. ते सुटलं तर मी काय करू? मी दुपारी येते पैसे घेऊन. मुदत आहे ना आज?"

"आहे काकू. चारला परतीची गाडी येते, त्याच्या आत या."

फोन ठेवला आणि चहा आणायला गेले. तेवढ्यात काका आले, आणि सवयीनं रॅकवरची पार्सलं वाचायला लागले. मी परत आले तर ते पार्सल परतीच्या गोणीत, आणि काका साहेबांना समजावत होते.

"आमच्या हिला परदेशातून कोण पाठवणार? फसवणूक आहे ही. असं काहीतरी पाठवायचं आणि ड्युटीच्या नावाखाली पैसे काढायचे. पेपरात येतं रोज. परत लावा, माझा सल्ला आहे."

मी म्हटलं, "काका, त्यांनी मागवलं असेल."

"कात्री? घरात दोन कात्र्या आहेत." आणि साहेबांकडे वळून, "मी घरातला माणूस सांगतोय ना."

साहेब मला म्हणाले, "जाऊ द्या ताई. नवरा नको म्हणतोय, मग विषय संपला."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. तोंडानं काही बोलले नाही, कारण काकूंनी शपथ घातल्यासारखं सांगितलं होतं. मागच्या बाजूला गेले आणि फोन लावला. "काकू, दुपारी नको. आत्ता रिक्षा पकडा."

साडेबारा झाले. डबा उघडला. त्या दिवशी भरलं वांगं होतं. साहेबांचा घास तोंडात, गांगुर्डे बोटं चाटतोय, मीही शेवटची भाकरी मोडलेली, आणि दारात रिक्षा थांबली. पायरी चढून एक ठेंगणी बाई आत आली, साधी सुती साडी, डाव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग मध्ये ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं.

काका उभेच राहिले. "अगं, तू इथं?"

"हेच का तुमचं ऑफिस?" काकू म्हणाल्या.

साहेबांना घास गिळता येईना.

"सल्लागार म्हणजे काय करतात?"

गांगुर्डे म्हणाला, "जेवतात." पुढं साहेबांनी त्याला कोपरखळी मारली म्हणून थांबला.

मी पटकन हात धुतले, गोणीतून पार्सल काढलं आणि काउंटरवर ठेवलं. काकूंनी कमरेची पिशवी सोडून पैसे दिले. काका मधे पडले, "अगं, ड्युटी केवढी लावलीय बघितलीस का? घरात दोन कात्र्या आहेत की."

"त्या तुमच्या हाताच्या आहेत," काकू म्हणाल्या.

मी शिक्का उचलला आणि पार्सलवर मारला. काकूंनी अक्षरं एकेक करून वाचली. "ड्युटी भरली. म्हणजे काय हो, ताई?"

"म्हणजे तुमच्याकडून यायचं ते सगळं आलं. आता कुणी काही मागायचं नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

काकू जरा वेळ त्या शिक्क्याकडे बघत राहिल्या. मग काकांचा डबा बघितला. रिकामा झाला होता. त्यांनी तो ओढून घेतला, झाकण लावलं, पदरानं वरून स्वच्छ पुसलं. म्हणाल्या, "जरा द्या बघू." मी शिक्का दिला. त्यांनी तो डाव्या हातात धरला आणि झाकणावर दाबून मारला. स्टीलवर कोपरा उमटला नव्हता, म्हणून पुन्हा एकदा मारला. फुंकर घालून वाळवला, आणि डबा काकांच्या हातात ठेवला.

मग पार्सल काखेत घेतलं, मला "येते हं" म्हणाल्या, आणि रिक्षात बसून गेल्या.

काका दोन्ही हातांत डबा धरून उभे होते. झाकणावर अंगठा फिरवून त्यांनी अंगठा बघितला. तो कोरडा होता. मग ते काउंटरवर वाकले आणि साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही शाई धुतल्यावर जाते ना?"